वॉटर्स की गिल्मर? आणि या भांडणात रिक राइटचा आवाज कुठे गेला?

खर्जातला | गुरुवार, रात्री १०.५०

फेब्रुवारी २००७, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान. 'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश रॉक बँडचा जुना बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स मुंबईत आला होता, उत्तरार्धात बँडची 'डार्क साइड ऑफ द मून' ही तबकडी अथपासून इतिपर्यंत वाजवणार होता, आणि आम्ही पाच जण पुण्याहून भाड्याची सुमो करून गेलो होतो. तिकिटाचे पैसे घरी 'परीक्षा फी' सांगून उकळले होते, हे आता लिहायला हरकत नाही. आई इथे वाचायला येत नाही.

'टाइम' सुरू झालं. घड्याळांचा कल्लोळ, ते टकटक ठोके, मग पहिलं कडवं दणक्यात. आणि मग ती जागा आली, जिथे गाणं अचानक निवतं, मागून बायकांचे स्वर उमटतात आणि एक मऊ, जरासा पेंगुळलेला आवाज चार ओळी म्हणतो. मंचावरच्या माणसाने त्या ओळी चोख म्हटल्या. तरी माझ्या शेजारचा मित्र, जो तोवर घसा फोडून गात होता, एकदम थांबला आणि म्हणाला, "हा तो नाय."

'तो' म्हणजे कोण, ते मात्र आमच्या पाचांत कुणालाच सांगता येईना. सात-आठ वर्षं कॅसेट झिजवली होती आणि आम्ही सगळे धरून चाललो होतो की 'टाइम' सबंध बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मर गातो. दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत बसून शोधलं. त्या मधल्या ओळी रिक राइटच्या. कीबोर्डवाल्याच्या! गिल्मर नसणार हे तिकीट काढतानाच माहीत होतं, मनाची तयारी होती. राइटची तयारी कुणी केलीच नव्हती.

धागा काढायचं कारण असं की पिंक फ्लॉइडवर कुठेही बोलणं निघालं की दोन पार्ट्या पडतात. वॉटर्सवाले म्हणतात शब्द त्याचे, कल्पना त्याच्या, बाकीचे वाजंत्री. गिल्मरवाले म्हणतात सूर त्याचा, गिटार त्याची, वॉटर्स नुसता चिडका कवी. माझं म्हणणं असं की ज्याला आपण 'फ्लॉइडचा आवाज' म्हणतो तो या दोघांपैकी एकाचाही नाही. तो गिल्मर आणि राइट या दोघांच्या आवाजांचं मिश्रण आहे, आणि त्या मिश्रणाच्या तोंडी शब्द वॉटर्सचे आहेत. 'एकोज' ऐका. १९७१, 'मेडल'ची अख्खी दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटं. शब्द वॉटर्सचे, पण तो स्वतः एक ओळही गात नाही. गातात हे दोघं, एकदम, खांद्याला खांदा लावून.

राइटचं गाणं त्याच्याही आधीपासूनचं. १९६७च्या पहिल्या तबकडीत सिड बॅरेट राजा होता, तरी 'मटिल्डा मदर'मध्ये पुढचा, म्हणजे मुख्य, आवाज राइटचा आहे आणि 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिने'मध्ये दोघं जोडीने गातात. १९६८च्या जानेवारीत गिल्मर आला, सिड थोड्याच महिन्यांत बँडमधून बाहेर पडला, आणि राइटने शेजारी बसलेला जोडीदार बदलला एवढंच. १९७०च्या 'अ‍ॅटम हार्ट मदर'मध्ये तिघांनी एकेक गाणं आपापलं आणलं: वॉटर्सचं 'इफ', राइटचं 'समर सिक्स्टी-एट', गिल्मरचं 'फॅट ओल्ड सन'. तीन माणसं, तीन गळे, तिन्ही गाणी सुसह्य. (राइटचं सगळ्यात चांगलं. भांडायचं असेल तर भांडा.)

मग १९७३ येतं, 'डार्क साइड'चं वर्ष. 'टाइम'च्या श्रेयात चौघांचीही नावं आहेत आणि तसं ते शेवटचंच गाणं. त्यानंतर राइटचा पुढचा आवाज तबकडीवर थेट १९९४ साली, 'द डिव्हिजन बेल'मधल्या 'वेअरिंग द इनसाइड आउट'मध्ये. मध्ये एकवीस वर्षं. लोक म्हणतात बँड १९८५ला वॉटर्स सोडून गेला तेव्हा फुटला. माझ्या मते तो फुटायला सुरुवात झाली ती राइट गायचा थांबला तेव्हा. बाकीचं भांडण हे मागाहून आलेलं.

मतं येऊ द्यात.

चहाटळ | गुरुवार, रात्री ११.०५

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ असं ऐकून होतो. इथे तिसऱ्याची नोकरीच गेली की.

आईचा फोन नंबर मिळेल का? परीक्षा फीबद्दल बोलायचंय.

दहावा मजला | गुरुवार, रात्री ११.४०

लेख छान, निष्कर्ष भावुक. राइटवर माझाही जीव आहे, पण 'आवाजाचं मिश्रण' वगैरे म्हणजे पोळीवरचं तूप. पोळी कोण लाटत होतं ते बघा.

'डार्क साइड'पासून सगळे शब्द एकट्या वॉटर्सचे. त्याआधीची यांची गाणी काढून बघा, निम्म्यांना विषयच नाही. ढग, सूर्य, अंतराळ, पुन्हा ढग. माणूस म्हातारा होतो, पैशाने किडतो, वेडा होतो, युद्धात मरतो, हे सांगायची अक्कल त्या चौघांत एकालाच होती. वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारले गेले तेव्हा हा पाच महिन्यांचा होता. ते त्याच्या लिहिण्यात आहे. तुमचा मऊ, पेंगुळलेला आवाज ते कुठून आणणार?

आणि वॉटर्सला गाता येत नाही असं जे पसरवलं जातं त्याने माझं डोकं फिरतं. 'ब्रेन डॅमेज' कोण गातं? 'शाइन ऑन'मध्ये पुढचा आवाज कुणाचा? 'शीप'मध्ये ओळीचं शेवटचं अक्षर तो ओरडून ताणतो आणि ताणता ताणता त्याच्याच जागी सिंथेसायझर कधी येतो ते कळत नाही. माणूस संपतो, यंत्र सुरू होतं. ही गायकी नाही का?

पेटीवाली | शुक्रवार, सकाळी ६.२०

रात्री वाचलं, पण शिकवणीची मुलं आली होती. मी गाणं शिकवते, रॉक माझ्या मुलाने घरात आणलं. त्यामुळे चुकलं तर समजून घ्या.

दहावा मजला, वॉटर्सला गाता येतं, पण तो गायक नाही, नट आहे. नाकातला सूर, कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातो, आणि मधल्या पायऱ्या गाळतो. पात्र उभं करायला हा आवाज झकास. पण त्याच्याशी दुसरा आवाज जुळत नाही, कारण तो कुणासाठी जागाच ठेवत नाही. नाटकातला मोठा नट समोरच्याच्या वाक्यावर वाक्य टाकतो ना, तसं.

गिल्मरच्या आवाजात खाली हवा मिसळलेली आहे आणि वर गेला की धार येते. राइटचा आवाज पातळ. त्यात कंप जवळजवळ नाही, आणि शब्दाच्या शेवटी तो सूर धरून ठेवत नाही, हळूच सोडून देतो. एकटा ऐकला तर तुम्ही म्हणाल, बरा गातो, शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस मिळालं असतं. पण गिल्मरच्या शेजारी ठेवला की गिल्मरच्या सुरातली जी पोकळी असते ती नेमकी भरते.

आपल्याकडच्या युगलगीतात बहुधा एक ओळ तो, एक ओळ ती, आणि शेवटी दोघं एकाच सुरात. इथे दोघं एकाच वेळी वेगवेगळे सूर लावून तेच शब्द म्हणतात. पेटीवर सा आणि ग एकदम दाबून धरा, तिसराच काहीतरी नाद कानात येतो. तो नाद सा-चाही नसतो आणि ग-चाही नसतो. 'एकोज'ची कडवी मी काल माझ्या बारा वर्षांच्या विद्यार्थिनीला डोळे मिटून ऐकायला लावली. विचारलं, किती माणसं गातायत? ती म्हणाली, "एकच ना?" मग पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, "नाही नाही, दोन आहेत, पण भाऊ आहेत." भाऊ नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.

आणि एक. एकाच पट्टीत, एकाच श्वासात गायचं तर ओळ कुठे तोडायची, 'स' कधी संपवायचा, हे दोघांनी ठरवावं लागतं किंवा न ठरवता कळावं लागतं. त्यांचं बहुतेक दुसरं होतं. पॉम्पेईच्या त्या चित्रीकरणात (ऑक्टोबर १९७१, इटलीतलं प्राचीन रंगमंडल, प्रेक्षक शून्य) उघड्या अंगाचा गिल्मर माइकपाशी आणि राइट त्याच्या वाद्यांमागे. एकमेकांकडे बघतही नाहीत. ओळ मात्र एकाच क्षणी सुटते.

खर्जातला | शुक्रवार, सकाळी ९.१५

ताई, दंडवत. "भाऊ आहेत" यावरच धागा संपवायला हवा होता.

दहावा मजला, 'शीप'बद्दल एकदम मान्य. पण 'अस अँड देम' घ्या. शब्द वॉटर्सचे, चाल राइटची. ती चाल १९७०च्या सुमारास एका चित्रपटासाठी केलेली, दिग्दर्शकाने नाकारलेली, तीन वर्षं पडून राहिलेली. गायला गिल्मर, आणि जिथे गाणं फुटून वर जातं तिथे राइट त्याला येऊन मिळतो. यातलं एक नाव काढून दाखवा. पोळी कुणी लाटली, तूप कुणी घातलं, ही वाटणी या गाण्यात जमतच नाही.

रंकाळ्याचा राजा | शुक्रवार, दुपारी १.३०

लई भारी धागा. आमचा एक किस्सा.

इंजिनिअरिंगला आमचा बँड होता. गॅदरिंगला 'कम्फर्टेबली नंब' करायचं ठरलं. गायक एकच, आवाज चांगला, मुली त्याच्यावर फिदा, त्यामुळं तो माइक सोडायला तयार नाही. म्हणाला, कडवं पण मीच, धृवपद पण मीच. तालमीत पहिल्याच दिवशी घोळ. सूर बरोबर होते हो, पण गाण्याचा अर्थच लागंना. त्या गाण्यात कडव्यात डॉक्टर बोलतोय, ते वॉटर्स म्हणतो. धृवपदात पेशंट बोलतोय, ते गिल्मर. आमचा भाऊ डॉक्टर बी तोच आणि पेशंट बी तोच. स्वतःच स्वतःला सुई मारायलाय!

शेवटी ड्रमरला कडवी दिली. त्याचा आवाज म्हणजे फाटका कर्णा, सुरात यायचाच नाही. आणि काय सांगू, गाणं उभं राहिलं. तो खाली कोरडं कोरडं बोलायचा आणि आमचा हिरो वरनं तरंगत यायचा. पब्लिक येडं झालं. त्या ड्रमरला अजून सगळे डॉक्टर म्हणतात. आता त्याचं सिमेंटचं दुकान हाय, गिऱ्हाइकं पण डॉक्टर म्हणतात, कारण कुणालाच माहीत नाही.

'मदर'मध्ये पण तसंच हाय ना? पोरगा वॉटर्स, आई गिल्मर.

पेटीवाली | शुक्रवार, दुपारी ४.००

राजे, तुमच्या ड्रमरने बरोबर केलं, कारण चालीतच दोन घरं आहेत. कडवं बी मायनरमध्ये, धृवपद डी मेजरमध्ये. मुलाने सांगितलं तेव्हा मी पेटीवर वाजवून बघितलं. वस्ती जवळजवळ त्याच सुरांची, फक्त 'सा' हलतो. आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात ते हेच. तेच सूर, पण बसायची जागा बदलली की जगच बदलतं. दोन माणसं एकाच खोलीत आहेत आणि वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. त्याला दोन गळे लागणारच.

हो, 'मदर'चंही बरोबर. आणि 'हे यू'मध्ये गिल्मर सुरुवात करतो, शेवटच्या कडव्यात वॉटर्स हातातून घेतो.

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री ९.४५

पेशाने सीए, त्यामुळे मी आवाजाबद्दल तोंड उघडत नाही. पण धाग्यात 'जोडी', 'भागीदारी' असे शब्द आलेत म्हणून खात्याची बाजू मांडतो. भागीदारी संस्था कशी मोडते ते आम्ही रोज बघतो. आधी नफा वाढतो, मग वाटणीचा नियम आठवतो.

बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांनी पोरवयातच ठरवलं होतं की कुणीही लिहिलं तरी दोघांची नावं लागणार. आपल्याकडे शंकर-जयकिशनांचं बघा, १९७१ला जयकिशन गेले तरी शंकर जोडीच्याच नावाने संगीत देत राहिले. फ्लॉइडमध्ये असा करार नव्हता. श्रेय गाण्यागणिक. ज्याने जे आणलं त्याचं नाव. सुरुवातीला हे चाललं, कारण चौघं एका खोलीत बसून खटपट करायचे. 'एकोज' जन्मलं ते अशाच तुकड्यांतून. त्या तुकड्यांना हे लोक 'नथिंग' म्हणायचे आणि क्रमांक द्यायचे. अशा वेळी कुणाचं काय हे कोण मोजणार? म्हणून चौघांची नावं.

मोजणी सुरू झाली ती नंतर. 'डार्क साइड'ची सुरुवात करणारा ध्वनींचा तुकडा 'स्पीक टू मी' हा एकट्या निक मेसनच्या, म्हणजे ड्रमरच्या, नावावर आहे. वॉटर्सने नंतर म्हटलं की ते श्रेय आपण भेट दिलं, आणि तसं केल्याचा पस्तावाही बोलून दाखवला. ज्या भागीदारीत दिलेली भेट परत आठवते, तिचं काय होणार ते मला विचारायची गरज नाही.

१९७७चं 'अ‍ॅनिमल्स' हा तर आमच्या परीक्षेत घालण्यासारखा प्रश्न आहे. पहिल्या बाजूचा जवळजवळ सगळा भाग 'डॉग्ज', सतरा मिनिटं, वॉटर्स आणि गिल्मर यांच्या नावावर. आणि तबकडीच्या सुरुवातीला आणि शेवटी 'पिग्ज ऑन द विंग', जेमतेम दीड-दीड मिनिटाचे दोन भाग, दोन्ही वॉटर्सचे. स्वामित्वधन मिनिटांवर नाही, गाण्यांच्या संख्येवर. म्हणजे सतरा मिनिटांचं एक आणि तीन मिनिटांची दोन. गिल्मरला हे खटकलं यात नवल ते काय? त्या तबकडीवर राइटचं नाव लेखनात कुठेच नाही. पहिल्यांदाच.

पण खर्जातला, इथे तुमच्या अशिलाविरुद्ध एक कागद दाखल करतो. त्याचं श्रेय कुणी हिसकावलं नाही. त्या काळात आपल्याकडे द्यायला काही नव्हतं हे राइटने स्वतः नंतर कबूल केलं. १९७९ला 'द वॉल' वेळेत संपवायची घाई होती, त्याला सुट्टी आटोपती घेऊन यायला सांगितलं, तो आला नाही, आणि वॉटर्सने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. 'वॉल'मध्ये सव्वीस गाणी. गिल्मरचं नाव तिनांवर. राइटचं शून्यावर.

यातला विनोद पुढे आहे. १९८०-८१चे 'वॉल'चे प्रयोग एवढे खर्चिक होते की तोट्यात गेले. तो तोटा भागीदारांनी सोसला. राइट तेव्हा भागीदार राहिला नव्हता, पगारी वादक होता. त्यामुळे त्या दौऱ्यात पैसे मिळवणारा तो एकटाच!

चहाटळ | शुक्रवार, रात्री ९.५८

म्हणजे म्हण बरोबरच होती. माझे शब्द मागे.

रेवा_डोंबिवली | शुक्रवार, रात्री १०.३०

वाचतेय. जरा अवांतर आहे, पण सगळे पुरुषांचे आवाज मोजताय म्हणून लिहिते. 'द ग्रेट गिग इन द स्काय'चं काय? चाल राइटची, पण लोकांना आठवते ती किंचाळत, रडत, विझत जाणारी बाई. क्लेअर टोरी. जानेवारी १९७३, रविवारचा दिवस, ३० पौंड मानधन. शब्द दिले नाहीत, चाल दिली नाही, मृत्यूबद्दल आहे एवढं सांगितलं. तिने गळ्याने जे केलं ते त्या जागी तिनेच रचलं. २००४ साली तिने दावा लावला, २००५ला कोर्टाबाहेर मिटलं, आणि आता त्या गाण्यावर राइटच्या नावाशेजारी तिचं नाव असतं.

गाणाऱ्याला रचनाकार कधी म्हणायचं, हा प्रश्न हिशेबनीस यांच्या गाण्यागणिक श्रेयाच्या नियमात बसत नाही. आणि खर्जातला यांच्या राइटचाही प्रश्न तोच आहे. 'एकोज'मधला तो दुसरा सूर कागदावर कुणाचा?

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री १०.४१

बसत नाही. ३० पौंडांचं व्हाउचर आणि बत्तीस वर्षांनी दुरुस्ती नोंद.

दहावा मजला | शुक्रवार, रात्री ११.२०

सगळं वाचलं. अर्धा पाऊल मागे घेतो, पूर्ण नाही.

'हॅव अ सिगार' आठवा. १९७५. 'शाइन ऑन' गाऊन वॉटर्सचा घसा बसलेला, गिल्मरला ते शब्द म्हणायचे नाहीत, आणि शेवटी शेजारच्या स्टुडिओत स्वतःची तबकडी करत असलेल्या रॉय हार्परला बोलावलं. तो गाऊन गेला. गाणं मस्त झालं. पण वॉटर्सला पुढे कायम वाटत राहिलं की ते आपणच गायला हवं होतं. मला वाटतं तिथे त्याच्या डोक्यात काहीतरी पक्कं झालं. 'अ‍ॅनिमल्स'मध्ये 'डॉग्ज'चा पहिला भाग सोडला तर पुढचा आवाज सगळीकडे त्याचा. १९८३च्या 'द फायनल कट'मध्ये गिल्मरच्या वाट्याला एक गाणं. आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत.

एवढं मात्र कबूल, की २०२३ला त्याने 'डार्क साइड' एकट्याने पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, ते मी एकदा ऐकलं आणि पुन्हा लावलं नाही. शब्द तेच, लिहिणाराही तोच, आणि तो ते बोलत सुटलाय. मला माझे आजोबा आठवले. तेही बरोबरच बोलायचे.

लंडनचा पाऊस | शनिवार, पहाटे ३.१०

इथे रात्रीचे साडेदहा वाजलेत, म्हणून लिहितो.

मे २०११, ओटू अरीना. वॉटर्सचा 'वॉल'चा दौरा, काही रात्री. ऑफिसात आम्ही दोघं वेडे, मी आणि एक आयरिश सहकारी. त्याने १२ तारखेचं तिकीट काढलं, मी दुसऱ्या रात्रीचं, कारण १२ला बायकोच्या मामांकडे जेवण होतं. बारा तारखेला 'कम्फर्टेबली नंब'मध्ये वॉटर्स खाली उभा राहून कडवं म्हणतो, आणि धृवपदाला भिंतीच्या माथ्यावर दिवा लागतो तर तिथे खुद्द गिल्मर. सहकारी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला तो नुसता माझ्याकडे बघून हसत होता. बोललाच नाही. मामांकडे पुरणपोळी होती, चांगली होती, पण त्याची भरपाई होईल इतकी चांगली नव्हती.

माझ्या रात्री त्या जागी दुसरा गायक होता. तयारीचा, सुरेल. खर्जातला यांच्या मित्राचं वाक्य मला चार वर्षं उशिरा, इंग्लंडात, शब्दशः सुचलं होतं.

नवा_भिडू | शनिवार, सकाळी ११.००

मी फक्त ते शाळेच्या पोरांचं गाणं ऐकलंय. हा मिश्रणाचा आवाज ऐकायला कुठून सुरुवात करू? साडेतेवीस मिनिटं एकदम झेपणार नाही.

खर्जातला | शनिवार, दुपारी १२.४५

भिडू, 'बर्निंग ब्रिजेस'. १९७२ची 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स', राइट आणि वॉटर्सचं गाणं, साडेतीन मिनिटं. राइट आणि गिल्मर आलटून पालटून गातात, त्यामुळे दोघांचे आवाज सुटे सुटे ओळखता येतील. त्याच तबकडीवर 'स्टे', ते एकटा राइट गातो. मग 'टाइम'. मग रात्री जेवून, फोन लांब ठेवून, 'एकोज'. पहिला जो टिंग आवाज येतो ना, तो राइटच्या पियानोचा एकच सूर, फिरत्या स्पीकरमधून काढलेला. तो आला की गप्प बसायचं.

पेटीवाली | शनिवार, रात्री ८.३०

मुलाने आज एक चित्रफीत दाखवली, म्हणून परत आले. २००६ साल, गिल्मरचा स्वतःचा दौरा, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. राइट साथीला आहे. केस पांढरे झालेत. बाकी सगळा ताफा गिल्मरचा, नाव गिल्मरचं. आणि ते 'एकोज' करतात.

पॉम्पेईनंतर पस्तीस वर्षांनी. दोघांची पट्टी तीच नसेल असं मला वाटलं होतं, साठीला गळा जड होतो. गिल्मरचा झालाय थोडा. राइटचा जास्त झालाय, पहिल्या ओळीत मला काळजीच वाटली. दुसऱ्या ओळीला दोघं जुळले, आणि मी मुलाला म्हटलं, मागे घे. परत बघितलं. ओळ सोडताना गिल्मर यावेळी राइटकडे बघतो. पॉम्पेईत बघत नव्हता.

त्याच दौऱ्यातली पोलंडमधल्या ग्दान्स्कची मैफल तबकडीवर आली, तिच्यातही हे गाणं आहे. ती सप्टेंबर २००८ला बाजारात आली आणि त्याच्या आठवडाभर आधी, १५ तारखेला, राइट गेला.

पुढे २०१६च्या जुलैत गिल्मर पॉम्पेईला परत गेला, त्याच रंगमंडलात, यावेळी प्रेक्षकांसमोर. मुलगा म्हणाला, आई, आता 'एकोज' लागणार बघ. मी वाट बघत बसले. सगळं वाजवलं त्याने. ते नाही वाजवलं.

रंकाळ्याचा राजा | शनिवार, रात्री ९.०५

डॉक्टरला फोन लावतो.